संतपदाचा सोहळा पार पडला. आता आभार कसे मानायचे?

मंडप उतरतो, खुर्च्या परत जातात, पाहुणे फादर आपापल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पोचतात आणि कमिटीच्या शेवटच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "आभार तर त्या दिवशी माइकवर मानलेच की!" बैठक तिथेच संपते. हा लेख त्या बैठकीत न उठता बसून राहणाऱ्यांसाठी आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेने कुणाला संत घोषित केलं की गावोगावी होणारा हा सोहळा साध्या सणासारखा नसतो. त्याला हातभार लावणारी निम्मी माणसं त्या दिवशी मैदानात नसतातच. काही तर हयातही नसतात. आपल्या जवळचं उदाहरण संत जोसेफ वाझ यांचं. गोव्यात बाणावलीला २१ एप्रिल १६५१ ला त्यांचा जन्म झाला, घराणं सांकवाळचं. श्रीलंकेत कँडीला १६ जानेवारी १७११ ला त्यांनी देह ठेवला. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं आणि १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी संत. म्हणजे मृत्यूनंतर तीनशे चार वर्षं. एवढ्या काळात त्यांचं नाव घरच्या प्रार्थनेत टिकवणारे, जुने कागद जपणारे, पत्रव्यवहार करणारे किती असतील! सोहळ्याच्या दिवशी फुलं वाहणाऱ्याचे आभार मानायचे आणि ज्यांच्यामुळे तो दिवस उजाडला त्यांना विसरायचं, हे बरं दिसत नाही. म्हणून आभारांचं काम थोडं विचारपूर्वक, टप्प्याटप्प्याने करावं लागतं.

पहिली गोष्ट: वही, आणि ती आधीपासून

आभारांची वही सोहळ्यानंतर नव्हे, कमिटीच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी उघडायची. नंतर आठवून लिहिलेल्या यादीत मोठी नावं सगळी येतात, छोटी गळतात. वही एकाच व्यक्तीकडे ठेवा. ती व्यक्ती अध्यक्ष किंवा खजिनदार नसावी, कारण त्यांना त्या काळात श्वास घ्यायला फुरसत नसते. धर्मग्रामात एखादी निवृत्त शिक्षिका असतेच, जिला सगळ्यांची घरं माहीत असतात. तिला सांगा. ती नकार देत नाही.

प्रत्येक पानावर नाव, त्याने नेमकं काय केलं, हे कुणी पाहिलं, आभार कसे मानायचे आणि मानले का, एवढंच लिहायचं. यातला "नेमकं काय केलं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे "सहकार्य" लिहू देऊ नका. "नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या काळात रोज पहाटे चर्च झाडलं", "रोमहून थेट प्रक्षेपण दाखवताना वीज गेली तेव्हा घरचा जनरेटर आणून दिला", "पाहुण्या सिस्टर्सना तीन रात्री घरी ठेवून घेतलं", असं लिहायचं. पुढे पत्र लिहायला बसाल तेव्हा हीच ओळ पत्र होते.

यादी भरताना घटनेच्या मागे मागे जा. सोहळा, त्याआधीची मिरवणूक, त्याआधीचा नोव्हेना, त्याआधी वर्गणी, त्याआधी परवानग्या, त्याआधी रोमला किंवा कोलंबोला जाणाऱ्यांची तिकिटं आणि व्हिसा. २०२५ मध्ये कार्लो अकुतिस या इटालियन किशोराच्या संतपदाचा दिवस २७ एप्रिल ठरला होता. २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं, सोहळा पुढे गेला आणि अखेर ७ सप्टेंबरला पोप लिओ चौदावे यांनी कार्लो आणि पिएर जॉर्जिओ फ्रासाती यांना एकदमच संत घोषित केलं. असं काही घडतं तेव्हा ज्यांनी दोनदा बुकिंग केलं, पैसे परत मिळवायला फोन केले, यात्रेकरूंची समजूत घातली, त्यांची नावं कुठल्याच फोटोत नसतात. वहीत असली पाहिजेत.

आणि अगदी मागे गेलात की दिवंगतांपाशी पोचाल. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा.

मिस्सात आभार: किती, केव्हा, कुणी

इथे मी जरा कडक आहे. आभारप्रदर्शनाची जागा मिस्साविधीत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ठरलेली आहे: ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर आणि शेवटच्या आशीर्वादापूर्वी, जिथे धर्मग्रामाच्या सूचना दिल्या जातात तिथे. आणि त्या सूचना थोडक्यात असाव्यात असंच विधीचे नियम सांगतात. प्रवचनानंतर किंवा अर्पणाच्या वेळी आभार घुसडू नयेत.

थोडक्यात म्हणजे किती? संतपदाच्या मूळ विधीकडेच पाहा. पोप लॅटिन सूत्र उच्चारून संत घोषित करतात. त्यानंतर संतपदाच्या प्रकरणांची जबाबदारी असलेले कार्डिनल पुढे येऊन पवित्र ख्रिस्तसभेच्या वतीने पोपचे आभार मानतात आणि या घोषणेचं अधिकृत पत्र तयार व्हावं अशी विनंती करतात. आभार आणि विनंती मिळून एकच वाक्य. पोपही एका वाक्यात मान्यता देतात आणि विधी पुढे सरकतो. तीनशे वर्षांच्या प्रतीक्षेला एक वाक्य पुरतं, तर आपल्या मंडपाला बावीस मिनिटं का लागावीत?

माझा सल्ला असा: मिस्सात एकाच व्यक्तीने बोलावं, तीन मिनिटांच्या आत. आधी परमेश्वराचे आभार, मग मिस्सा साजरा करणाऱ्या बिशपांचे किंवा धर्मगुरूंचे, मग नावं न घेता गटांचे: गायकवृंद, वेदीसेवक, धर्मभगिनी, वाडीवाडीचे कार्यकर्ते, शेजारी, सरकारी यंत्रणा. नावं घ्यायला लागलात की कुणाचं तरी राहणारच, आणि ज्याचं राहिलं त्याला पुढचं वर्षभर तेवढंच आठवतं. नावं घेण्याची जागा पुढे आहे.

शाल-श्रीफळ वेदीसमोर नको. सत्कार करायचा तर मिस्सा संपल्यावर, चर्चच्या आवारात किंवा हॉलमध्ये करावा. मराठी माणसाला सत्काराची हौस आहे आणि ती वाईट नाही. पण वेदीपाशी नारळांची रांग लागली की बिशप ताटकळत उभे राहतात आणि मागच्या बाकांवरची माणसं निघून जातात. गोव्यात ज्या गावांत फेस्ताचा प्रेजिदेंत (सणाचा यजमान) असतो तिथे तर मान कुणाचा हा प्रश्न आणखी नाजूक. तो आधीच, बंद खोलीत, फादरांच्या साक्षीने सोडवून घ्या.

आभाराचा वेगळा मिस्सा

मुख्य सोहळ्यानंतर आभाराचा स्वतंत्र मिस्सा ठेवण्याची रीत चांगली आहे. रोममध्येही ती पाळली जाते. मदर तेरेसा ४ सप्टेंबर २०१६ ला संत घोषित झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या स्मृतिदिनी, सेंट पीटर्स चौकात व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी आभाराचा मिस्सा साजरा केला.

आपल्याकडे दुसऱ्या दिवशी कुणाच्यात त्राण नसतं. दोन-तीन आठवड्यांनंतरचा दिवस धरा. रविवार धरायचा असेल तर फादरांना आधी विचारा. आगमनकाळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळातल्या रविवारी त्या त्या दिवसाचाच मिस्सा घ्यावा लागतो, त्याच्या जागी आभाराचा मिस्सा घेता येत नाही. आठवड्यातली संध्याकाळ सोयीची पडते: शेतावरची, दुकानावरची, लोकलने येणारी माणसं पोचू शकतात.

या मिस्सात विश्वासूंच्या प्रार्थना मदत करणाऱ्यांकडूनच म्हणून घ्या. एक स्वयंपाकघरातल्या बाईने, एक वाहतूक सांभाळणाऱ्या मुलाने, एक आजारी असूनही रोज रोझरी म्हणणाऱ्या आजोबांनी. शेवटी दिवंगतांच्या पानावरची नावं वाचा. इथे मात्र नावं घ्यायची, सगळी. ज्यांनी संताच्या नावाने नोव्हेना सुरू केला, ज्यांनी चर्चला जागा दिली, जे या दिवसाची वाट पाहत गेले.

वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. संत गोन्सालो गार्सिया आपल्या मातीतले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत ते हुतात्मा झाले आणि पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ ला त्यांना संत घोषित केलं. त्या वेळी वसईत आनंद साजरा करायला कोण कोण पुढे आलं असेल, कुणाच्या घरी पाहुणे जेवले असतील, हे आज तुमच्यापैकी कितीजणांना सांगता येईल? वहीचा उपयोग इथे कळतो.

आधी बिल, मग आभार

मंडपवाला, साऊंडवाला, आचारी, बसवाला, बँडवाले, फुलवाली. यांचे पैसे थकवून त्यांना आभारपत्र पाठवणं हा अपमान आहे. सोहळ्यानंतर आठवड्याभरात सगळी बिलं चुकती करा, वाद असेल तो समोरासमोर बसून मिटवा आणि मगच पत्र द्या. "देवाचं काम आहे, थोडं कमी करा" हे वाक्य ठरवताना एकदा म्हटलं तर चालतं. काम झाल्यावर म्हणू नये. ज्याने खरोखर कमी घेतलं, त्याच्या वहीतल्या पानावर तेवढी रक्कम देणगी म्हणून नोंदवा आणि पत्रात तसं लिहा.

बाहेरून आलेल्या धर्मगुरूंचंही असंच. नऊ दिवसांचा नोव्हेना म्हणजे बहुधा नऊ प्रवचनकार. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च आणि मिस्साचं दान त्याच दिवशी, पाकिटात, हातात. त्यांना पत्र लिहाल तेव्हा प्रवचनातली एखादी गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ती लिहा. उत्तम प्रवचनाबद्दल आभार असं सगळेच लिहितात, आणि कुठलाही फादर ते दुसऱ्यांदा वाचत नाही.

पत्रं

पंधरा दिवसांच्या आत पत्रं गेली पाहिजेत. महिन्यानंतरचं पत्र हिशोब पूर्ण करण्यासाठी पाठवल्यासारखं वाटतं. छापील मजकूर चालेल, पण प्रत्येकावर वहीतली ती एक ओळ हाताने लिहा आणि सही मुख्य धर्मगुरूंची व पॅरिश कौन्सिलच्या सचिवांची अशी दोघांची घ्या.

शेजारच्या गणेशोत्सव मंडळाला लिहायचं पत्र असं काहीसं असावं:

"सप्रेम नमस्कार. आमच्या चर्चमधल्या संतपदाच्या सोहळ्याच्या दिवशी तुम्ही मंडळाचं मैदान गाड्यांसाठी मोकळं करून दिलंत आणि तुमची मुलं दुपारपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. त्यामुळे वयस्कर माणसांना चर्चच्या दारापर्यंत येता आलं. गावकीच्या वतीने मनापासून आभार. तुमच्या उत्सवात आमची मुलं हव्या त्या कामाला येतील, निरोप पाठवा."

शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळायची तयारी ठेवा. मशिदीच्या कमिटीने अजानच्या आणि मिरवणुकीच्या वेळा जुळवून घेतल्या असतील, कुणी गल्लीतला कार्यक्रम पुढे ढकलला असेल, तर तेही असंच नेमकं लिहा. आणि ही पत्रं पोस्टाने पाठवू नका. फादर आणि दोन-तीन कार्यकर्ते जाऊन चहा पिऊन या. जाताना वसईची सुकेळी न्या, गोव्यात असाल तर दोदोल. महागडं काही नको.

पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, महापालिका किंवा पंचायत, वीज मंडळ यांना पत्र लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या पदनावाने लिहावं. शक्य असेल तर वरिष्ठांना प्रत द्या, कारण बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराला त्याचा खरा उपयोग होतो. पैसे किंवा भारी भेटवस्तू सरकारी कर्मचाऱ्यांना द्यायच्या नाहीत. रात्री दीड वाजता मैदान साफ करणाऱ्या सफाई कामगारांचे आभार मात्र पत्राने मानू नका. त्यांच्या मुकादमाकडून वेळ विचारून घ्या आणि ते कामावर असतील तिथे जाऊन भेटा.

बिशपांना पत्र लिहिताना औपचारिकता पाळा, पण एक पान पुरे. संतपदाच्या प्रकरणाचा पाठपुरावा करणारे पोस्टुलेटर सहसा रोममध्ये असतात. त्यांना इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये अर्ध्या पानाचं पत्र पाठवा आणि सोबत तुमच्या गावात काय झालं त्याचे दोन-तीन फोटो. संत एखाद्या संघाचे असतील तर त्या संघाच्या प्रमुखांनाही.

देणगीदार

देणगीदाराचे खरे आभार म्हणजे हिशोब. किती जमले, कशावर खर्च झाले, किती उरले आणि उरलेल्याचं काय करणार, हे सूचनाफलकावर लावा आणि रविवारी वाचून दाखवा. उरलेली रक्कम संताच्या कामाशी जुळणाऱ्या गोष्टीला द्यायची ठरवलीत तर उत्तम. जोसेफ वाझ कँडीत देवीच्या रोगाच्या साथीत रोग्यांची सेवा करत राहिले. त्यांच्या नावाने उरलेले पैसे रुग्णांना गेले तर कुणी हरकत घेणार नाही.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांबाबत सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून, स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने पोर्तुगालचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलं तरी ती परदेशी देणगी ठरते आणि ट्रस्टला एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय, तिच्या ठरलेल्या खात्याबाहेर, ती स्वीकारता येत नाही. गोव्यात आणि वसईत अशी घरं पुष्कळ आहेत. आभारपत्र लिहिण्याआधी पावती बरोबर आहे ना ते सीएकडून तपासून घ्या. चुकीच्या पावतीबरोबर गेलेलं गोड पत्र दोघांनाही अडचणीत आणतं.

देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरावी का? मला विचाराल तर नको. दगडावर रकमेप्रमाणे क्रम लागतो आणि शंभर रुपये देणारी विधवा खाली जाते किंवा दिसतच नाही. छापायचीच असतील तर आडनावाच्या क्रमाने, रकमेशिवाय, धर्मग्रामाच्या पत्रिकेत छापा. ज्याने नाव नको म्हटलं त्याचं "एक हितचिंतक" असंही छापू नका. गावात तेवढ्यावरून ओळखतात.

आभाराची भेट आणि अवशेष

संताची प्रार्थनाकार्डं ही सगळ्यात सोपी भेट. छापण्याआधी जन्म-मृत्यूच्या तारखा, सणाचा दिवस आणि "धन्य" की "संत" हे दोघांनी वेगवेगळं तपासावं. जुनी कार्डं उरलेली असतात आणि छापखाना जुनीच फाइल चालवतो. नवी प्रार्थना लिहिली असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयाची मान्यता घ्या.

कुणी मोठा देणगीदार संताच्या अवशेषाचा (अस्थी वगैरेंचा) कण मागेल. ठाम नाही म्हणा. पवित्र अवशेषांची विक्री ख्रिस्तसभेच्या कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि देणगीच्या बदल्यात दिलेली "भेट" त्याच्या फार जवळ जाते. अवशेषाचं दर्शन सगळ्यांना मिळावं, तेही आभारच.

ज्यांनी वाढलं त्यांना वाढा

मदर तेरेसा संत झाल्या त्या दिवशी रोममध्ये इटलीभरच्या निवाऱ्यांतून आणलेल्या सुमारे १,५०० गरिबांना पिझ्झा वाढण्यात आला, आणि वाढायला त्यांच्याच संघाच्या सिस्टर्स होत्या. त्यातून आपण घेण्यासारखं आहे. आभाराच्या मिस्सानंतर कार्यकर्त्यांचं जेवण ठेवा. त्या दिवशी स्वयंपाक बाहेरून मागवा. ज्या बायकांनी सोहळ्यात हंडे उचलले त्या बसतील आणि पॅरिश कौन्सिलचे पुरुष वाढतील. फादरांनीही हातात पळी घ्यावी. आमच्याकडे "बायकांनाच हौस असते" म्हणत शेवटी त्यांनाच स्वयंपाकघरात ढकललं जातं. ते होऊ देऊ नका. भांडी घासायचं कुणी, तेही आधीच ठरवा.

या जेवणात वही वाचा. एकेक नाव आणि त्याने काय केलं ती ओळ. मघाशी म्हटलेली नावं घ्यायची जागा ती ही. लोक हसतील, कुणी "अरे, हे मला माहीतच नव्हतं" म्हणेल. फोटो काढा, पण मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

नाव राहिलं तर

राहतंच. कुणीतरी कुजबुजत कळवतं की अमुक काकू रागावल्यात. फोन करू नका आणि फादरांमार्फत निरोपही पाठवू नका. वही सांभाळणारी आणि कमिटीचे अध्यक्ष अशा दोघांनी त्यांच्या घरी जावं, काय केलं होतं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, त्यांच्यासमोर वहीत लिहावं आणि पुढच्या रविवारच्या सूचनांत त्यांचं नाव सांगावं. सबबी सांगू नका. चहा घ्या.

एवढं झाल्यावर वही, पत्रांच्या प्रती, हिशोब आणि फोटो एका फाइलमध्ये घालून धर्मग्रामाच्या कार्यालयात जमा करा. एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात पाठवा. फाइलच्या पहिल्या पानावर संताच्या सणाची तारीख लिहा, जोसेफ वाझ असतील तर १६ जानेवारी, आणि खाली सूचना: पुढच्या वर्षी सणाची आमंत्रणं पाठवताना आधी या यादीतल्यांना पाठवावीत, मंडपवाल्यासकट.